एक टाकी, दोन मीटर

खोली भाड्याने बघायला आलेल्या माणसाला घरमालक विचारतात, गाव कोणतं, घरात माणसं किती, पाहुणे फार येतात का. मोतीलाल नानांनी मला विचारलं, "मॅडम, तुम्ही भाकर करतस का पोळी?"

मी म्हटलं, दोन्ही.

"आन् चहा?"

मी म्हटलं, दोनदा, आणि रविवारचं विचारू नका. हे ऐकून नाना एवढे खूश झाले की मला ओसरीवर तशीच उभी ठेवून आत पळाले. परत आले ते पत्र्याचा एक मोठा डबा छातीशी धरून. डब्याला पितळी बिल्ला, माथ्यावर दोन नळ्या, पुढे काचेआड तीन बारकी घड्याळं. काही कळायच्या आत त्यांनी तो डबा माझ्या कानाशी आणला आणि हलकेच कलता केला. आतून कुणीतरी सुस्कारा टाकावा तसा आवाज आला.

"जितं शे," म्हणजे जिवंत आहे, असं नाना म्हणाले आणि त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातात दिली.

ते गॅसचं मीटर होतं. विजेचं नव्हे, पाण्याचं नव्हे, गॅसचं. आमच्या या तापीकाठच्या गावात केळी आहे, ऊस आहे, कापूस आहे, उत्तरेला सातपुडा दिसतो, पण गॅसची पाइपलाइन औषधालाही नाही. आणि नानांच्या घरात मात्र असली मीटरं भिंतीला, माळ्यावर, कणगीच्या मागे, देवघराच्या फळीखाली. मी मूळची साताऱ्याकडची, बदलीने इथल्या शाळेत आले. माहेरी फोन करून सांगितलं की घरमालक गॅसची जुनी मीटरं पाळतात, तर आई म्हणाली, दुसरी खोली बघ.

दुसरी बघितली नाही, कारण ही शाळेच्या भिंतीला लागून होती आणि नानांच्या बायकोच्या, म्हणजे नानींच्या हातची शेवभाजी मी पहिल्याच संध्याकाळी खाल्ली होती. पण माझ्या स्वयंपाकघरात नानांनी काय बसवून ठेवलं होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. ते नाणं टाकायचं मीटर होतं. फार जुन्या काळी परक्या देशात भाडेकरूंच्या खोल्यांत असायचं म्हणे. फटीत नाणं टाकायचं, पितळी कान पिळायचा, मग शेगडीला गॅस येतो. नाण्याएवढा गॅस जळला की बंद. त्या मीटरचं नाणं नानांकडे एकच होतं, कुठल्याशा राजाचं, नाक झिजलेलं. ते मी टाकायचं, मोहरी तडतडेपर्यंत गॅस यायचा आणि कांदा टाकायच्या वेळी जायचा. मग मी खिडकीतून ओरडायचं, "नाना, राजा अडकला." नाना चावी घेऊन धावत यायचे, खालचा कप्पा उघडून तोच राजा काढून माझ्या हातावर ठेवायचे. मी एकदा चिडून म्हटलं, मग तो कप्पा उघडाच ठेवा ना. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चप्पल घालून शिरले होते.

नाना बसत नाहीत. मी त्यांना जेवतानासुद्धा नीट बसलेलं पाहिलेलं नाही. ताटावर उकिडवे असतात, एक हात पाटावर टेकलेला, आता उठतील असे. बारीक अंग, धोतर गुडघ्यापर्यंत, खिशात पान्याचं टोक बाहेर आलेलं. बोलताना समोरच्याच्या भोवती फिरतात, त्यामुळे त्यांच्याशी बोलणाऱ्याची मान दुखते. "यासना पायले जनमपासून भिंगरी बांधेल शे," नानी सांगतात. "लगीनमा फेरा घेवाना व्हतात सात. हाई माणूस थांबेच ना." लग्नाची हकीगत खरी की नानींची भर, मला माहीत नाही. पण नानींचं दुसरं म्हणणं असं आहे की यांचं लग्न मीटरशी लावायला हवं होतं, आणि त्यात मला काही खोटं दिसत नाही.

तरुणपणी नाना गुजरातेत नोकरीला गेले. तिकडे जमिनीतून निघणारा गॅस नळाने घरोघर जातो, त्या खात्यात मीटरच्या दुरुस्तीवर होते. जुनी मीटरं काढून नवी बसवायची वेळ आली तेव्हा जुनी भंगारात चालली. नानांना ते बघवलं नाही. सुट्टीला गावी येणारी माणसं बायकोला साडी आणतात, नाना मीटर आणायचे. त्यांच्या मागोमाग रस्त्यावरच्या गॅसच्या दिव्याचं डोकं आलं, तांब्याचा बंब आला, दबाव मोजायची काचेची वाकडी नळी आली. निवृत्त होऊन आले तेव्हा ट्रकमध्ये संसार कमी आणि गॅस जास्त होता, असं नानी सांगतात.

आता यातलं काही नुसतं शोभेला ठेवायचं म्हणाल, तर नानांना ते चालत नाही. या मीटरच्या पोटात चामड्याचे भाते असतात. गॅस आला की ते फुगतात, गेला की बसतात, त्यावर काटे फिरतात. "बंद ठेवं तं मीटर मरस," नाना म्हणतात. "आतलं चामडं वाळी जास. त्याले रोज श्वास पाहिजे." म्हणजे रोज गॅस पाहिजे. आणि गॅस आणायचा कुठून? तर आमच्या गल्लीत ज्या ज्या घरी गोबरगॅस होता त्या घरी नानांनी एकेक मीटर नेऊन बसवलं. काही दिवसांनी ते काढायचं, दुसरं लावायचं, म्हणजे सगळ्यांची पाळी येते. सकाळी गुरांचं आटोपलं की नाना खांद्यावर मीटर घेऊन निघत. कुणी विचारलं कुठे, तर म्हणत, "याले जरा फिराले लई जाय ऱ्हायनू."

बायका आधी हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की या डब्याला सगळं कळतं. नानांचा दावा असा की भाकरीचा काटा वेगळा चालतो, चहाचा वेगळा, आणि पुरणाचा तर डोळे मिटून ओळखू येतो. गल्लीतल्या एका सासूबाईंचा कडक उपास होता, पाणीसुद्धा नाही. सून बाहेरगावी. दुपारी नाना मीटर बघायला गेले आणि ओसरीवर चार माणसांसमोर सहज म्हणाले, "आज दोनदा चहा व्हई गया वाटस." त्या घरातून मीटर त्याच दिवशी परत आलं, तेही कुंपणावरून.

नानांना यात आपलं काय चुकलं ते समजत नाही. गॅस हाच त्यांचा जगाकडे बघायचा चष्मा आहे. मी शाळेतून दमून आले की म्हणणार, "मॅडम, आज तुमना दबाव कमी दिखस." आमच्या मुख्याध्यापकांबद्दल त्यांचं मत, "त्यासना व्हॉल्व चिकटेल शे." लग्नाला गेले की मांडवात नसतातच. मागे आचाऱ्यांकडे असतात, वाटीत साबणाचा फेस घेऊन, प्रत्येक सांध्याला फेस लावून बुडबुडा येतो का बघत. धानोऱ्याला एका लग्नात वरपक्षाने त्यांना आचाऱ्याचा माणूस समजून कांदे चिरायला बसवलं. नानांनी मुकाट्याने पोतंभर कांदे चिरले, कारण तिथून भट्टीचा आवाज छान ऐकू येत होता. आम्ही शोधत होतो तेव्हा ते रडक्या डोळ्यांनी आणि हसऱ्या तोंडाने बाहेर आले.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, गमतीशीर म्हातारा आहे. मलाही तसंच वाटायचं. पण नानांच्या घरामागच्या गुरांच्या वाड्यात एक गोष्ट होती, तिच्यात गंमत नव्हती.

वाड्यात गोबरगॅसची मोठी टाकी आहे. शेणाच्या राबड्यावर लोखंडी ड्रम तरंगतो, गॅस साठला की वर येतो, जळला की खाली जातो. या टाकीतून दोन नळ निघतात. एक नानांच्या स्वयंपाकघरात, माझी शेगडी त्याच नळावर. दुसरा मधल्या भिंतीतून पलीकडे, नानांचे थोरले भाऊ रतिलाल आप्पा यांच्या घरात. आणि भिंतीवर, नानांच्या बाजूला, दोन मीटरं शेजारी शेजारी. ही दोन कधी बदलली जात नसत.

मला हकीगत नानींनी सांगितली. नाना नोकरीवर असताना शेती आप्पांनी सांभाळली. नाना परत आल्यावर वाटणी झाली. जमीन वाटली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, म्हशी वाटल्या, भांडीसुद्धा हसतखेळत वाटली. टाकी मात्र वाटता येईना. टाकी एकच, चुली दोन. हिवाळ्यात थंडीमुळे गॅस कमी धरतो, संध्याकाळच्या भाकरीला पुरत नाही. मग जावाजावांत कुरकुर सुरू झाली, तुम्ही संपवला, नाही तुम्ही संपवला. नानांनी यावर त्यांच्या मते सर्वांत सोपा उपाय केला. दोन्ही नळांवर मीटर बसवलं.

महिना संपला तेव्हा गावातले दोन जाणते बोलावले आणि सगळ्यांसमोर काटे वाचून दाखवले. आप्पांच्या घरात गॅस जास्त जळला होता, बराच जास्त. "मीटर खोटं बोलत नही," नाना म्हणाले. आप्पांच्या बायकोने, जमनाकाकींनी, पदराने तोंड पुसलं आणि त्या आत गेल्या. कापूस वेचणीचे दिवस होते. धडगावकडून आलेले पावरा आदिवासी मजूर नानांच्या शेतावर होते, नानी बाळंतपणाला लेकीकडे गेलेल्या, आणि त्या सगळ्या मजुरांच्या भाकऱ्या रोज सकाळी जमनाकाकी थापत होत्या. हे नानांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांनी जोडून पाहिलं नव्हतं. मीटर खोटं बोललं नव्हतंच, फक्त भाकरी कुणाच्या पोटात गेली ते त्याला विचारायची सोय नव्हती.

आप्पांनी त्या दिवसापासून धाकट्या भावाशी बोलणं टाकलं. भांडण नाही, शिवी नाही. नुसतं बोलणं नाही. पुढे जमनाकाकी आजारी पडून गेल्या. नानांनी खांदा दिला, तेव्हाही दोघे बोलले नाहीत. आप्पांचा मुलगा दिनेश सुरतला नोकरीला, त्यामुळे पलीकडे आप्पा एकटे. हाताने करून खायचं. कुणी डबा पाठवला तर झाकण न उघडता परत. म्हशीही त्यांनी विकल्या. आता टाकीत शेण नानांच्याच म्हशींचं, आणि ते रोज पहाटे नाना स्वतः कालवतात.

रोज सकाळी नाना त्या भिंतीपाशी जात. आपल्या मीटरकडे नुसती नजर टाकत. आप्पांच्या मीटरपाशी थांबत, काच धोतराने पुसत, कान लावत. कधी पलीकडे चहा चाललेला असेल तर आतले भाते हलल्याचा आवाज यायचा, आणि नाना तेवढा वेळ स्थिर उभे असायचे. मला आश्चर्य वाटायचं की हा माणूस एवढा वेळ उभा राहू शकतो. आणि रागही यायचा. एवढं रामायण झालं तरी भावाने किती गॅस जाळला ते मोजणं सुटत नाही म्हणजे काय? मी एकदा तोंडावर म्हटलं, "नाना, आता तरी हिशोब सोडा."

"कसाना हिशोब?" नाना म्हणाले आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले.

या थंडीत दिनेश आला. भला मुलगा, बोलणं अर्धं गुजराती, अर्धं मराठी. त्याने बापाची अवस्था पाहिली. संध्याकाळी गॅस कमी, शेगडीवर डाळ शिजत नाही. त्याने ठरवलं, बाबांना सिलिंडर घ्यायचं आणि हा जुना नळ बंद करायचा. मला येऊन म्हणाला, "मॅडम, काकांना तुम्ही समजावा. बाटला आणतोय म्हटल्यापासून ते गरम झालेत."

नाना गरम झाले हे खरं. ओसरीतून वाड्यात, वाड्यातून रस्त्यावर, रस्त्यावरून परत. आप्पांशी बोलायची सोय नाही, म्हणून पुतण्याला गाठून बोलत. बाटल्यामधला गॅस जड असतो, जमिनीवर बसतो. म्हातारा माणूस, वास आला तर कळणार नाही. रबरी नळी उंदीर कुरतडतात. दिनेश शांतपणे म्हणाला, "काका, आख्खं सुरत एक तर बाटल्यावर जेवतं, नाहीतर नळावर."

"सुरतना नळ मीच जोडेल शेतस," नाना म्हणाले. "माले नको सांगू."

मी दिनेशची बाजू घेतली. मला वाटलं, यांना आपलं मीटर बंद पडेल याचं दुःख आहे. भावाच्या डाळीपेक्षा चामड्याचे भाते जास्त. असं स्पष्ट बोलून दाखवलं. नाना माझ्याभोवती फिरायचे थांबले. दुसऱ्या दिवशी शहाद्याहून सिलिंडर आलं, शेगडी आली, मिस्त्रीने भिंतीतला नळ कापून तोंडाला बूच मारलं. दिनेशने बापाला शेगडी पेटवून दाखवली, बंद करून दाखवली, आणि तो संध्याकाळच्या गाडीने गेला.

त्यानंतरच्या सकाळी नाना नेहमीप्रमाणे भिंतीपाशी गेले. काच पुसली. कान लावला. काटे जिथे होते तिथेच. मग ते आपल्या मीटरपाशी आले, परत त्या मीटरपाशी गेले. नळच कापलेला, काटा फिरणार कसा, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? तरी दुपारपर्यंत किती खेपा घातल्या असतील, त्यांचं त्यांना ठाऊक. म्हशीचं दूध काढायचं राहिलं. नानींनी हाक मारली तर भलत्याच दिशेला गेले.

संध्याकाळी माझ्या खिडकीशी आले. "मॅडम, तिकडनं फोडणीना वास येस का?"

मी म्हटलं, नाही.

"भांडासना आवाज?"

"नाही आला बाई."

दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघाले तर दारात नानांचं तेच. रात्री आप्पांकडे दिवा होता का, सकाळी धूर, वाफ, काही? मला उशीर होत होता. मी वैतागले. "नाना, चार पावलांवर दार आहे. जाऊन विचारा ना जेवलात का म्हणून."

"बोलनं बंद शे ना, मॅडम."

"मग राहू दे बंद. त्यांचा गॅस त्यांना, तुमचा तुम्हाला. आता मोजायचं काय राहिलंय?"

नानांनी खिशातला पाना काढला, परत ठेवला. मग एकदम बोलायला लागले, माझ्याकडे न बघता. "गॅस कोन मोजस? वैनी गई, पोऱ्या सुरतले. माणूस एकलाच शे. सकाळले काटा सरकी गया म्हंजे त्यानी चहा कया. दुपारले सरकी गया म्हंजे भाकर व्हयनी. इतलं माले समजे. मंग मी मन्हं काम कराले मोकळा. आते काहीच समजत नही." ते थांबले. "वैनीले मी चार लोकेसमा चोर ठरावं. तिनी मन्हाच माणसंसले भाकरी घाल्यात. मी कोनतं तोंड लई जाऊ त्याना दारशी?"

मला एवढंच आठवत होतं की मी या माणसाला कंजूष समजत होते आणि ते त्याला बोलूनही दाखवलं होतं. मी शाळेत निरोप पाठवला आणि रस्त्याने फिरून आप्पांच्या दाराशी गेले.

आप्पा दारापुढच्या बाकड्यावर बसले होते. नानांपेक्षा उंच, हाडापेराने मोठे, आणि नाना जितके हलतात तितके हे स्थिर. मी आत डोकावले. नवी शेगडी ओट्यावर चकचकीत, तिच्यावर प्लॅस्टिक तसंच. कोपऱ्यात केळांच्या साली, बिस्किटाचा पुडा.

"आप्पा, शेगडी पेटवली नाही?"

"नही."

"भीती वाटते का? मी शिकवते. सोपं आहे."

"भ्याव कसाना? दिनेशनी दखाडं माले." आप्पांनी हातातली काठी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. पुढचं ते इतकं हळू बोलले की मला वाकावं लागलं. "मी पेटाडी तरी त्याले कसं समजी?"

मला क्षणभर कळेना की हे कुणाबद्दल बोलतायत.

"तो मीटरले कान लावस. माले माहीत शे. भितडानी इकडनं मी त्याना खाकरा ऐकस." आप्पा म्हणाले. "एकादशीले बी मी पानी तापाडी लेस, नुसतं. नही तं तो दिनभर वाडामा फिरत ऱ्हास. लहानपनफाईन तसाच शे तो. माय बाजारमा गई तं दारशी फेऱ्या मारे."

मग मी विचारलं, एवढं आहे तर बोलत का नाही त्यांच्याशी. आप्पा म्हणाले, जमनाने मरताना सांगितलं होतं, भाऊजींना घरात बोलवा. "मी म्हनं, तो येई तवय बोलसू." तो आला नाही, आणि यांनी बोलावलं नाही. दोघांनी त्या काट्यावर इतकी वर्षं काढली.

मी परत आले आणि नानांना जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. पेटवली तरी त्याला कसं समजणार, हे वाक्य सांगितलं तेव्हा नानींनी तोंडाला पदर लावला. नाना वाड्यात गेले आणि भिंतीवरून आप्पांचं मीटर काढू लागले. जुना आटा होता, सुटेना. नानींनी न सांगता तेलाची बुधली पुढे केली.

नाना मीटर छातीशी धरून रस्त्याने निघाले. मागे मी, हातात साबणाच्या फेसाची वाटी, कारण ती त्यांनी माझ्या हातात दिली होती. मधल्या भिंतीला लहान दार आहे, तारेने बांधलेलं, पण ते त्यातून गेले नाहीत. समोरून गेले, सगळ्या गल्लीदेखत.

आप्पांनी त्यांना येताना पाहिलं. उठले नाहीत. बाकड्यावरून पाय खाली रस्त्यात आले होते, ते फक्त आत ओढून घेतले. नाना उंबऱ्याशी अडले, मग आत गेले.

सिलिंडरची नळी कापून मध्ये मीटर बसवायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. हे असं बसवणं नियमात बसतं का, मी विचारलं नाही. प्रत्येक सांध्याला फेस लावला, वाकून पाहिलं, पुसलं, पुन्हा लावला. बुडबुडा नव्हता. मीटर आता आप्पांच्या स्वयंपाकघरात, जमनाकाकींच्या फोटोखाली होतं. तिथला काटा वाड्यातून दिसणार नव्हता. वाचायचा तर रोज सकाळी या घरात पाय ठेवावा लागणार होता. हे नानांनी आधी ठरवलं होतं की त्यांच्या तिथेच लक्षात आलं, कोण जाणे. मीटर लावून झाल्यावर ते बराच वेळ त्या भिंतीकडे, मग दाराकडे बघत राहिले.

"त्यासले सांगा, पेटाडा," नाना मला म्हणाले.

आप्पा माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. मी सांगितलं. आप्पांनी प्लॅस्टिक फाडलं, काडी ओढली. निळी ज्योत धरली. मीटरच्या पोटात भाते हलले आणि शेवटचा काटा सरकला. दोघे म्हातारे एकमेकांकडे सोडून त्या काट्याकडे बघत होते, आणि मी दोघांकडे.

आप्पांनी पातेलं ठेवलं. पाणी, चहा, दूध. कपाटातून तीन कप काढले आणि फडक्याने पुसले. मग साखरेचा डबा हातात घेऊन तसेच थांबले. किती वर्षांत या भावाला चहा दिला नव्हता, त्यांना आठवत नसावं.

"मॅडम," आप्पा म्हणाले, "त्याले इचारा, आते साखर चालस का."

मी नानांकडे वळले. नाना खिडकीशी जाऊन आले, दाराशी जाऊन आले.

"चालत नही म्हना त्यासले. डॉक्टरनी बंद कयी." मग नाना शेगडीशी येऊन थांबले. "थोडीशी टाक, दादा."

आप्पांनी एक चमचा टाकला, मग अर्धा आणखी टाकला. मला शाळेला उशीर झाला होता, पण आप्पांनी दिलेली गाळणी माझ्या हातात होती, म्हणून मी ती धरून उभीच राहिले.